तिसरा फर्मा

एकवीस वर्षं मी लांडग्यांची लग्नं लावली. बिबट्यांचीही लावली, दोनदा नागाचंही. सगळी माणसांच्या मुलींशी, आणि सगळी चौसष्ट पानांत.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "बाई, तुमच्या त्या गमतीदार पुस्तकांबद्दल काहीतरी खुसखुशीत लिहा." खुसखुशीत हवं असेल तर त्यांनी घरी चकल्या कराव्यात. माझ्याकडे त्या दिवसांचा राग आहे, आणि इतकी वर्षं झाकून ठेवल्यामुळे तो चांगला मुरला आहे. तोच लिहिते.

हिंगोलीच्या बसस्टँडमागे एक छापखाना होता. तेव्हा आमचा जिल्हा वेगळा झाला नव्हता. मी तिथं प्रूफं तपासायला लागले. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, आणि जत्रांमध्ये विकायला तळहाताएवढ्या कादंबऱ्या. कादंबऱ्या लिहिणारे गृहस्थ तहसिलीत कारकून होते. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांचा एक बिबट्या अर्धवट राहिला. दिवसा पाटलाच्या शेतावर सालगडी, दिवेलागणीला बिबट्या. पाटलाची मुलगी त्याला तांब्याभर पाणी देऊन आत वळलेली, आणि पुढचं पान कोरं. मालक म्हणाले, "सुमनबाई, तुमी येवढं वाचता, द्या उरकून." मी उरकून दिलं. ते खपलं, आणि मी लेखक झाले. कव्हरवर नाव पुरुषाचं. बाईचा बिबट्या कोण विकत घेणार, असं मालकांचं म्हणणं होतं.

चौसष्टच पानं का, ते सांगते. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. असे चार फर्मे एकावर एक ठेवायचे, कडेनं तारेचे टाके मारायचे, वर रंगीत कव्हर चिकटवायचं, की पुस्तक तयार. पासष्टावं पान नसतं. तुमच्या नायक-नायिकेचं जमायला पासष्ट पानं लागत असतील तर त्यांचं जमत नाही, एवढं साधं गणित आहे.

दुसरा हिशेब एसटीचा. बसस्टँडवर पुस्तकं विकणारे एक चाचा होते. ते मला बजावून सांगत, "बाई, औंढा आने के पहले जानवर दिखना. नहीं तो किताब सीट पे छूट जाती." आमचा वाचक हिंगोलीला चढायचा, निम्म्या वाटेवर औंढा, आणि वसमतला उतरायचा. तेवढ्या वेळात पुस्तक संपलं पाहिजे. म्हणून पहिल्या फर्म्यात भेट. दुसऱ्यात मुलीला त्याचं जनावराचं रूप दिसतं आणि तिची बोबडी वळते. चौथ्यात गावकरी काठ्या घेऊन येतात, पळापळ होते, शेवटी मांडव. हे तीन फर्मे कुणीही लिहील.

तिसरा फर्मा लिहायला अक्कल लागते. त्यात काहीच घडत नाही. दोघं नुसती एकमेकांना ओळखत असतात. साध्या प्रेमकथेत मुलीला एकाच माणसाची ओळख करून घ्यायची असते. इथं तिला दोघांना ओळखायचं असतं. माणूस गोड बोलतो, पण तो चिडला की त्याचं काय होतं? जनावराचे दात भयंकर, पण ते रोज तिच्या करडाजवळून जातं आणि त्याला तोंड लावत नाही, हे तिच्या लक्षात कधी येतं? हे एका पानात उरकलं तर वाचकाला पटत नाही, आणि फार लांबवलं तर वाचक खिडकीबाहेर बघायला लागतो.

हे मला एका माणसानं शिकवलं. सेनगावकडच्या तांड्यावरचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचे आजोबा बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. ते एकदा छापखान्यात माझंच पुस्तक घेऊन आले आणि मलाच ओरडले, "हे कुनी लिवलं? लांडगा असा धावत येतो व्हय? लांडगा घाई करत न्हाई. दोन दोन दिस नुसता बसून पाहतो. जरा जवळ येतो, तुमी दगड उचलला की मागं जातो. मंग पुन्ना बसतो." मी लिहिलं हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही, पण नियम मी तिथूनच घेतला. त्यानं हातभर पुढं यायचं. तिनं एकदा तरी "जा" म्हणायचं आणि तो गेला पाहिजे. तो खरोखर गेला, तरच त्याच्या परत येण्याला अर्थ आहे. आणि शेवटी हाक तिनं मारायची.

खरं सांगायचं तर या सोळा पानांचा मला ध्यास होता, कारण माझ्या वाट्याला सोळा ओळीही आल्या नव्हत्या. आमच्याकडे साखरपुड्यातच लग्न उरकायची पद्धत आहे. पाहुणे मुलगी पाहायला येतात, पसंती सांगतात, सुपारी फुटते. मग कुणीतरी म्हणतं, सगळे जमलेच आहेत तर अक्षताही टाकून घेऊ. सकाळी मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले आणि संध्याकाळी सासरच्या जीपमध्ये बसले. नवरा चांगला निघाला. 'निघाला' म्हणते मी. लॉटरीचं तिकीट निघावं तसा. तिकीट लागलं म्हणून लॉटरीला चांगलं कसं म्हणू?

तर त्या वर्षी औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी मी एक लांडग्याची कादंबरी लिहिली. नायिका कस्तुरा. दुसऱ्या फर्म्याच्या शेवटी, बत्तिसाव्या पानावर, काटवनात लांडगा तिचा पदर दातात धरतो आणि ती बेशुद्ध पडते. तिसऱ्या फर्म्यात ती त्याला हाकलते, तो माळापलीकडे जातो, परत येतो, लांब बसतो, स्वतःबद्दल सगळं खरं सांगतो. ती विचार करायला वेळ मागते. अठ्ठेचाळिसाव्या पानावर ती स्वतः उंबऱ्याबाहेर येऊन त्याला हाक मारते. एकोणपन्नासाव्या पानावर तिला हळद लागते. मला वाटतं, ते माझं सगळ्यात चांगलं पुस्तक होतं.

जत्रा चार दिवसांवर आली आणि कागद कमी पडला. मालकांनी प्रूफं चाळली आणि म्हणाले, "ह्या तिसऱ्यात काय हाय वो? नुसते बसून राहिले, बोलून राहिले. एक मारामारी न्हाई. हा फर्मा काढून टाका."

मी म्हटलं, "मग तिनं होकार कधी दिला?"

"मांडवात बसली म्हंजे दिलाच की."

"पानांचे आकडे बत्तीसवरून एकोणपन्नासवर जातील."

"कोन पाहतंय आकडे?"

मी भांडले. आवाज चढवून भांडले. मग नोकरी आठवली आणि गप्प बसले. पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं निघालं. लांडग्यानं पदर धरला, कस्तुरा बेशुद्ध पडली, पान उलटलं की कस्तुरा हळदीत.

आणि ते सगळ्यात जास्त खपलं! एकानंही तक्रार केली नाही. उलट पोस्टकार्डं आली, कथेला काय वेग आहे म्हणून. चाचासुद्धा खूष, कारण आता ते वसमतच्या अलीकडेच संपायचं. मालक ती पोस्टकार्डं मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. ज्यांनी ती लिहिली त्यांच्यापैकी कुणालाच प्रश्न पडला नाही की या मुलीला मध्ये कुणी काही विचारलं का. मला तेव्हा वाचकांचा जेवढा संताप आला, तेवढा मालकांचाही आला नव्हता.

जत्रेनंतर पंधरा-वीस दिवसांनी एक मुलगी छापखान्यात आली. कुरुंद्याची होती, नाव वनिता, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. हिंगोलीतल्या मावशीकडे जाते म्हणून घरातून निघाली होती. बोटं हळदीनं पिवळी. तिनं पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवलं.

"बत्तीसनंतर एकोणपन्नास हाय. मधली पानं कुठं हायती?"

मी म्हटलं, "छापली नाहीत."

"काहून?"

मी खुर्ची पुढं सरकवली. ती खुर्चीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या अंगणात हळदीचं काम चाललं होतं. शिजवून वाळवलेली हळद बायका निवडत बसतात, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. हात कामात असतात, कान मोकळे. म्हणून वनिता त्यांना रोज पुस्तक वाचून दाखवायची. कस्तुराची गोष्ट सगळ्यांना आवडली. इकडे येत्या रविवारी वनिताला पाहायला पाहुणे येणार होते, आणि आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, व चुलत्यांनी ठरवूनच टाकलं होतं की त्याच बैठकीत सुपारी आणि त्याच बैठकीत अक्षता. वनिता म्हणाली होती, मला त्या मुलाशी दोन-तीनदा बोलू द्या, परीक्षा होऊ द्या. तर तिची वहिनी हसून म्हणाली, "तुज्या पुस्तकात तरी कुटं बोलली कस्तुरा? धरली, मांडवात बसली, सुखात राहिली."

"माज्याच तोंडानं वाचलेलं पुस्तक माज्यावर उलटलं," वनिता म्हणाली. "मला वाटलं, असं कसं व्हईल? लिवनारानं कुटंतरी इच्यारलं असंल तिला. मंग आकडे पाहिले."

मी लिहिलेलं हत्यार कुणाच्या तरी गळ्याला लागलं होतं, आणि ते मी अर्धवट सोडलं म्हणून लागलं होतं. मी उठले. तिसऱ्या फर्म्याचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, ओळीत जुळवलेले, दोरीनं बांधलेले, अजून तसेच पडून होते. पत्रिकांचा हंगाम होता, अक्षरं कमी पडत होती आणि मालक रोज म्हणत होते की ते सोडवून सुटे करा. मी त्या खिळ्यांवर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला. एकेक करून सोळा पानं काढली.

"सुमनबाई, काय करून राहिल्या?" मालकांनी उठत विचारलं.

"तुम्ही गाळलेलं काढतेय."

माझा चेहरा बघून ते पुन्हा खुर्चीत बसले.

वनितानं ती पानं पंख्याखाली वाळवत तिथंच वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाली, "मी हे बायांना वाचून दाखवीन. पण आबा माजं आयकायचे न्हाईत. रविवारी तुमी या. तुमी शिकलेल्या हाव, वयानं मोठ्या हाव. येवढंच म्हना, पोरीला इच्यारा. तुमचा शब्द आबा खाली पडू देनार न्हाईत."

मी म्हटलं, येते. तिचा हात हातात घेऊन म्हटलं.

रविवारी दहाच्या एसटीनं मी कुरुंद्याला गेले. वनिताच्या वडिलांनी, आबांनी, माझं चांगलं स्वागत केलं. "छापखान्यातल्या बाई आल्या, खुर्ची द्या." पुरुषांसाठी सतरंजी टाकली होती. माझी खुर्ची दाराजवळ, चहा हातात. अंगणाच्या कोपऱ्यात हळदीचा ढीग होता. पाहुणे आले तरी हळद थांबत नाही, म्हणून मजूर बायका काम करत होत्या. मुलगा सतरंजीच्या टोकाला बसला होता, बावीस-तेवीसचा, मान खाली. वनिता आली, पाटावर बसली. तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. बाकी कुणी काही विचारलं नाही.

मुलाचे चुलते म्हणाले, "पोरगी बराबर हाय. आता टाईम कशाला घालवायचा? सगळे सोयरे हायतच. सुपारी फोडा, अक्षता बी टाकून घिऊ."

वनितानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. ते मी एसटीत शंभरदा घोकले होते. पण तिथं माझ्या मनात भलतंच येत राहिलं. मी परकी. यांच्या घरात बोलणारी मी कोण? आबांचा अपमान होईल. पाहुणे काय म्हणतील? वनिता बघतच होती. मी कपाकडे बघितलं आणि चहाचा घोट घेतला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. छापखान्यात, नातेवाइकांत, सगळीकडे मी असंच सांगत आले की मी बोलले.

मी बोलले नाही. हळदीच्या ढिगाकडून आवाज आला.

"पोरीला इच्यारलं का वो कुनी?"

गोदाबाई नावाची मजूर बाई होती, साठीची असेल. तिनं मान वर न करता, हळकुंडं निवडता निवडता विचारलं. सगळे हसले. आबा म्हणाले, "गोदे, तू तुजं काम कर."

"काम करूनच राहिले. इच्यारलं का म्हनते. दोन शब्दांची तर बात हाय."

तेवढ्यात वनिता बोलली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला आत्ता लग्न न्हाई करायचं. मला आधी ह्यांच्यासंगं बोलायचंय."

कुणीतरी तिला गप्प बस म्हणालं. मुलाच्या चुलत्यांचा चेहरा लाल झाला. आणि तो मुलगा, जो मघापासून स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होता, हळूच म्हणाला, "काका, मलाबी कुनी इच्यारलेलं न्हाई."

मी थक्क झाले. सोळा पानांत मी कस्तुराला हजारदा विचारलं होतं. लांडग्याला एकदाही विचारलं नव्हतं. तो मुलीच्या दारात येऊन बसतो म्हणजे त्याचं ठरलेलंच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मग जे व्हायचं ते झालं. पाहुणे उठले आणि चपला घालून निघाले. आबा वनितावर धावून गेले, बायकांनी मध्ये पडून तिला आत नेलं. शेजारी कुंपणाशी गोळा झाले. माझ्याकडे कुणी रागानं बघितलं नाही. एकजण तर म्हणाला, "बाई, तुमाला उगाच तकलीफ झाली."

वनितानं परीक्षा दिली. तो मुलगा पुढं दोनदा कुरुंद्याला आला, एकटा, एसटीनं, आणि आबांच्या समोर ओसरीवर बसून तिच्याशी बोलला. दुसऱ्या भेटीनंतर वनितानं नाही म्हटलं. हो, नाही म्हटलं. तो निमूट गेला आणि परत आला नाही. ऐकणाऱ्यांना हे आवडत नाही, इतकं सगळं होऊन लग्न झालंच नाही म्हणून ते हळहळतात. मला मात्र त्या पोराबद्दल आदर आहे. वनिता पुढं शिक्षिका झाली, लग्नही केलं, त्यानंतर वर्षभरानं, दुसऱ्या एकाशी, भेटून, बोलून.

मालकांनी दोन हजारनंतर संगणक घेतला, खिळे मोडीत घातले आणि कस्तुराची दुसरी आवृत्ती काढली. अठ्ठेचाळीसच पानं, पण आता आकडे एक ते अठ्ठेचाळीस सरळ. चूक सुधारली म्हणून ते खूष होते. आता कुठल्याच मुलीला कळणार नव्हतं की मध्ये काही होतं. त्या दिवशी मी नोकरी सोडली. त्यांच्या तोंडावर आवृत्तीचा गठ्ठा आपटून सोडली, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या रविवारनंतर आठवड्यानं मला कळलं की आबांनी गोदाबाईला कामावरून काढलं. ती बोलली म्हणून गावात दुसरंही कुणी तिला हळदीच्या कामाला बोलवेना. मी पुन्हा कुरुंद्याला गेले. ती गावाबाहेर सरपण गोळा करत होती. मी तिच्यासमोर हात जोडले. म्हटलं, "मावशी, ते मी बोलायला हवं होतं. वनितानं मला त्यासाठीच बोलावलं होतं. तुम्ही ती सोळा पानं ऐकून बोललात ना?"

"पानं?" ती म्हणाली. "ती तर शनवारी वाचली तिनं. चांगली व्हती. पर मी त्यानं न्हाई बोलले. माज्या टायमाला कुनी बोललं न्हाई, म्हून बोलले."

मी म्हटलं, "मला भीती वाटली."

गोदाबाईनं मोळी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. ती रागावली होती, आणि तिनं ते लपवलं नाही.

"तुमाला कशाची भीती वो? तुमी बोलल्या असत्या, तर लोक म्हनले असते, बाई शिकलेली हाय, बराबर बोलली. तुमाला वरून आनिक एक कप चहा दिला असता. मी बोलले तर माजं काम गेलं."

मी मोळी डोक्यावर चढवायला हात लावायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला आणि मोळी एकटीनंच उचलली.

"ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "त्या दिशी लावायचा व्हता हात."